एकशे बाराचे एकशे दोन

जयपाल मगदूम यांचं म्हणणं असं, की पेठेत राहणाऱ्या माणसानं दोन गोष्टींच्या वाटेला जाऊ नये: एक तालीम आणि दुसरं विज्ञान. गेल्या हिवाळ्यात ते दोन्हींच्या वाटेला एकदमच गेले. अर्थात स्वतःहून नव्हे. स्वतःहून ते कुठंच जात नाहीत. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते एकवीस वर्षं स्टोअरकीपर आहेत, आणि तिथंसुद्धा कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवते म्हणून जातात.

सुरुवात त्यांच्या मुलीनं केली. आदिती नववीत आहे. तिच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी, ऋतुराज सरांनी, गणपतीच्या आधीच वर्गात बजावलं होतं की यंदा विज्ञान प्रदर्शनाला कुणी ज्वालामुखी, पवनचक्की किंवा आदर्श खेडं आणलं तर ते त्याच रिक्षानं परत पाठवलं जाईल. आपल्या भोवती जे आहे ते मोजा, असं सर म्हणाले. आता मगदुमांचं घर चिंचकट्टा तालीम मंडळ आणि आडवा बोळ मित्र मंडळ यांच्या बरोबर मध्ये आहे. पुढच्या दारातून एक दिसतं, मागच्या खिडकीतून दुसरं, आणि ऐकू दोन्ही येतात. तेव्हा आदितीनं आवाज मोजायचं ठरवलं.

आवाज मोजायचं मीटर जयपालरावांच्या कारखान्यात सुरक्षा विभागाकडं होतं. ते घरी न्यायला मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला, अर्जाला गेटपास जोडला, गेटपासच्या तीन प्रती काढल्या आणि 'कारण' या रकान्यात 'मुलगी' असं लिहिलं. सुरक्षा अधिकाऱ्यालाही मुलगी होती. त्यानं लगेच सही केली.

पुढचे चाळीस दिवस ती पोरगी वही आणि मीटर घेऊन घरभर आणि पेठभर फिरली. घरातल्या गोष्टी दोन मीटरवरून, मिरवणुका दहा मीटरवरून, प्रत्येकीची तीन वेळा नोंद. शेवटी तक्ता तयार झाला. सगळ्यात वर चिंचकट्टा तालीम मंडळाची विसर्जन मिरवणूक, एकशे बारा डेसिबल. त्याखाली आडवा बोळ, एकशे आठ. मग मिक्सर अठ्ठ्याऐंशी, शेजारच्या झुंबरबाई नळाला पाणी आल्यावर एक्क्याऐंशी, कुकरची शिट्टी एकोणऐंशी. पंचावन्नावर तिनं तांबडी रेघ ओढली होती; दिवसा वस्तीत आवाज याच्यावर जाऊ नये असा नियम आहे म्हणे. रेघेच्या खाली दोनच गोष्टी होत्या. पंखा, बावन्न. आणि त्याच्याही खाली: 'पप्पा (घरात बोलताना), अठ्ठेचाळीस.'

जयपालरावांनी हे पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. आपला आवाज लहान आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बसमध्ये, बाजारात, अगदी स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा ते काही बोलले की समोरचा आधी 'आँ?' करतो, मग ते पुन्हा बोलतात, आणि मग समोरचा 'असू दे' म्हणतो. पण ते आकड्यात, आणि पंख्याच्या खाली लिहिलेलं पाहणं वेगळं. ते वगळता येईल का, असं त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आँ?"

शाळेत पहिला नंबर आला, तालुक्यात आला, आणि प्रकल्प विभागीय विज्ञान महोत्सवासाठी निवडला गेला. कोल्हापूर, सांगली, सातारा, तिन्ही जिल्ह्यांतली मुलं येणार होती. आदितीनं दिवाळीची सुट्टी तक्त्यात घालवली होती. तिला तिथं जायचं होतं, आणि आपली वही कुणीतरी मोठ्या माणसानं उघडून वाचावी एवढीच तिची इच्छा होती. तोपर्यंत ती घरातल्या कुणीच वाचली नव्हती, तक्त्यात स्वतःला शोधण्यापुरतं सोडून.

आता इथं महोत्सवाचा ऑनलाइन अर्ज आडवा आला. अर्जाच्या सहाव्या पानावर असं होतं, की प्रयोगात माणूस, प्राणी अथवा संस्था यांचा वापर झाला असल्यास त्यांचं लेखी संमतिपत्र जोडावं, अन्यथा अर्ज पुढं सरकणार नाही. आणि तो खरंच सरकेना. ऋतुराज सरांनी फोन लावून विचारलं की आवाज लांबून मोजलाय, कुणाला हात लावलेला नाही, तर काय करायचं. पलीकडून उत्तर आलं की हात लावण्याचा प्रश्न नाही, रकाना रिकामा राहता कामा नये. मिक्सर आणि कुकर या दोहोंना मात्र कार्यालयानं सूट दिली.

झुंबरबाईंची सही आधी घेतली. त्यांनी चष्मा लावून तक्त्यात फक्त स्वतःची ओळ शोधली आणि जयपालरावांना विचारलं, "मिक्सर माझ्या वर कसा काय?" चाळीस वर्षं मी पाण्यासाठी घसा फोडतेय आणि काल आणलेला मिक्सर माझ्यापुढं, हे त्यांना काही पटेना. शेवटी मिक्सर वाटण करताना मोजलाय आणि वाटणात सुकं खोबरं होतं असं सांगितल्यावर त्यांनी सही केली. शहाण्या माणसानं इथंच सावध व्हायला हवं होतं. जयपालराव चहा पिऊन घरी आले.

त्यांच्या डोक्यात भलतीच काळजी होती. तालमीचे अध्यक्ष विजयसिंह. त्यांचं घर समोर, त्यांच्या कट्ट्यापुढं जयपालरावांची स्कूटर लावलेली, यांच्या घरात लग्न-मयत काही झालं तर तालमीचीच पोरं धावून येणार. त्या माणसापुढं जाऊन 'तुमच्यामुळं पेठेला बहिरेपणा येतोय, इथं सही करा' असं म्हणायचं कसं. त्यांनी आदितीला हळूच सुचवलं की एकशे बाराचं थोडं कमी करू, कुणाला कळतंय. आदिती म्हणाली, "पप्पा, आकडा हाय तो हाय." तिची आईही म्हणाली की हाय तो हाय. मायलेकींचं एकमत झालं की त्या घरात पुढं चर्चा होत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जयपालरावांनी कारखान्याच्या संगणकावर तक्त्याची फाइल उघडली आणि एकशे बारातला एक आकडा पुसून त्याजागी शून्य टाकलं. एकशे दोन. एकवीस वर्षांत त्यांनी स्टोअरमधल्या एका नटबोल्टाचा आकडा इकडचा तिकडं केला नव्हता. पण हा शेजाऱ्याच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि दहा डेसिबल म्हणजे फार काही नसावेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्याच फाइलवरून प्रदर्शनाचा मोठा फ्लेक्सही छापायला टाकला.

संध्याकाळी तालमीत विजयसिंहांनी त्यांना बसायला सतरंजी दिली आणि तक्ता हातात घेतला. वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला.

"आडवा बोळ एकशे आठ," ते म्हणाले. "आणि आमी एकशे दोन."

जयपालराव म्हणाले की तसे दोन्ही जास्तच आहेत, पण तुमचं त्यातल्या त्यात बरं आहे.

"आँ?"

जयपालरावांनी पुन्हा सांगितलं.

"अण्णा," विजयसिंह अगदी हळू आवाजात म्हणाले, आणि विजयसिंह हळू बोलले की पेठेत माणसं घरात जातात, "सांगलीसनं सिस्टीम आणलीती आमी. चोवीस टॉप, चोवीस बेस. तुमच्या कपाटातल्या काचा फुटल्या हुत्या का न्हाय? आणि त्या बोळातली पोरं आमच्या वर? हे कागदावर लिवून तुमी तीन जिल्ह्यांत दावणार?"

सही झाली नाही. जयपालराव बाहेर आले तेव्हा त्यांची स्कूटर कट्ट्यापासून दहा पावलं लांब, गटाराजवळ नेऊन लावलेली होती.

बातमी मात्र मागच्या खिडकीतून आत आली. तासाभरात आडवा बोळ मंडळाचा अध्यक्ष सम्राट पेढे, नारळ आणि फेटा घेऊन दारात हजर. त्यानं न वाचताच संमतिपत्रावर सही केली, जयपालरावांच्या डोक्याला फेटा बांधला आणि सोबतच्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळाच्या तोंडावर फ्लेक्स झळकला. 'आवाजात पेठेत प्रथम. शास्त्रीय पद्धतीने सिद्ध.' खाली एका कोपऱ्यात फेटा बांधलेले जयपालराव, आणि त्यांच्याखाली 'मार्गदर्शक'. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले होते.

आदिती फ्लेक्सपुढं बराच वेळ उभी राहिली. मग घरी येऊन म्हणाली की यांनी तक्ता उलटा वाचलाय का, पहिले तर चिंचकट्टावाले आहेत. जयपालराव आंघोळीला गेले.

त्यानंतर जो आठवडा गेला त्याबद्दल जयपालरावांना बोलायला आवडत नाही. सल्ले मात्र भरपूर मिळाले. झुंबरबाई म्हणाल्या की दोघास्नी सारखं दे, एकशे दहा एकशे दहा, लग्नात दोन्ही जावांना एकाच रंगाची साडी घेतो तसं. बसमधले जोडीदार म्हणाले की मीटर बिघडलंय असं सांगा. खरं सांगावं असं कुणीही सुचवलं नाही, कारण खरं काय ते जयपालरावांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. एकशे बारा होते म्हणावं, तर पेढे खाऊन बसलेल्या बोळाला काय सांगणार. आणि मुलीला काय सांगणार. त्यांना रात्री जेवण जाईना, आणि बायकोनं पित्ताची गोळी दिली.

अर्जाची मुदत संपायच्या दिवशी विजयसिंह आपणहून आले आणि त्यांनी सही केली. खाली एक ओळ स्वतःच्या हातानं लिहिली: 'महोत्सवात परीक्षकांसमोर फेरमोजणीच्या अटीवर.' ऋतुराज सरांनी ते पाहिलं, डोळे चोळले, आणि रकाना भरलाय ना, म्हणून तसंच चढवून दिलं. अर्ज ताबडतोब पुढं सरकला.

महोत्सव कळंब्याच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात होता. जयपालराव फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन फाटकावर पोचले तर पालकांचा बिल्ला नसल्यानं त्यांना अडवलं. बिल्ला आतल्या खिडकीवर मिळत होता, आणि आत जायला बिल्ला लागत होता. आदिती गुंडाळी घेऊन एकटीच आत गेली. दुपार टळल्यावर मागं मोठा हॉर्न वाजला. टेम्पो होता, टेम्पोवर ताडपत्रीखाली साऊंडची भिंत होती आणि केबिनमध्ये विजयसिंह होते. काय आहे, असं फाटकावरच्या माणसानं विचारलं. विजयसिंह म्हणाले, प्रकल्प क्रमांक सत्तेचाळीसचं साहित्य. त्यानं यादी पाहिली, सत्तेचाळीस क्रमांक आवाजाचाच होता, आणि फाटक सताड उघडलं. पाठोपाठ सम्राटचा टेम्पो आला. तेही सत्तेचाळीसचंच साहित्य. जयपालराव शेवटी सम्राटच्या टेम्पोला धरून आत शिरले.

सभागृहात ते पोचले तेव्हा आदितीला टांगायची दोरी नुकतीच मिळाली होती; फ्लेक्स उलगडून लावून ती त्याच्याकडं बघत होती.

"पप्पा, हे एकशे दोन कसं?"

"छापखान्यानं केलं असंल," जयपालराव म्हणाले. या वेळी मात्र तिनं 'आँ' केलं नाही. तिला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू गेलं होतं. ती पुन्हा फ्लेक्सकडं वळली.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, साधी साडी, हातात पेन्सिल. सकाळपासून सेहेचाळीस प्रकल्प पाहून त्या दमल्या होत्या. त्यांनी आदितीला मीटर कसं चालतं ते दाखवायला सांगितलं. आदितीनं ते चालू करून हातात धरलं. मग बाईंनी वही मागितली आणि खरंच वाचली. पान न पान, तारखा, अंतरं, तिन्ही वेळच्या नोंदी. आदिती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. याच गोष्टीसाठी ती आली होती. मग बाई एका पानावर थांबल्या, त्यांनी वर फ्लेक्सकडं पाहिलं, पुन्हा वहीकडं पाहिलं.

वहीत एकशे बारा आहे आणि तक्त्यात एकशे दोन, असं त्या म्हणाल्या. मागं विजयसिंह आणि सम्राट मान पुढं काढून उभे होते. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाळ, आकडा तू बदललास?"

आदितीनं मान हलवली, नाही म्हणून. मग तिनं वडिलांकडं पाहिलं, आणि लगेच नजर खाली केली. तिला समजलं होतं, आणि ती सांगणार नव्हती. पोरगी चाळीस दिवस एकेक आकडा खरा ठेवत आली, आणि आता खोटारडी ठरून गप्प उभी राहणार होती, बापासाठी.

"मी बदलला," जयपालराव म्हणाले.

शेजारच्या सौरचुलीवरची मुलं वळून बघायला लागली. जयपालरावांना थांबता येईना. "तिनं न्हाय. ती नको म्हणत हुती. मी बदलला, शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून. चिंचकट्ट्याचा आवाज एकशे बाराच हाय. आणि लई हाय. आमच्या कपाटाच्या काचा फुटल्या."

विजयसिंहांनी पुढं येऊन जयपालरावांना मिठी मारली आणि म्हणाले, "बघा, मी म्हणत हुतो की." मागून सम्राट म्हणाला की बापानं एकदा बदललेला आकडा आता बापाच्याच तोंडी कसा मानायचा, फेरमोजणी घ्या. दोघेही मोजणी घ्यायला बाहेर टेम्पोंकडं गेले.

बाईंनी एक सुस्कारा टाकला. फेरफार झालेला तक्ता क्रमांकासाठी धरता येत नाही, नियम आहे, असं त्यांनी आदितीला सांगितलं. "वही मात्र चांगली आहे," त्या म्हणाल्या. "निरीक्षणातल्या त्रुटी असं शेवटी एक पान आहे, तिथं झालं ते लिही. आणि पुढच्या वर्षी वडिलांना घरी ठेव." आदितीनं मीटर बंद करून डबीत ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते पडू दिलं नाही. जयपालरावांना त्या वेळी सौरचुलीत जाऊन बसावंसं वाटलं.

मग बाहेर दोन्ही टेम्पो एकदमच सुरू झाले. पाहुण्यांचं समारोपाचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही, परमाणूची प्रतिकृती टेबलावरून खाली पडली आणि प्राचार्य हात हलवत अंगणात धावले. फेरमोजणी मात्र झालीच नाही, कारण मीटर डबीत होतं. त्यामुळं दोघेही पहिले आले. आज चिंचकट्ट्यावर एक फ्लेक्स आहे, 'विभागात प्रथम', आणि आडव्या बोळात दुसरा, 'विभागात प्रथम'. दोन्हींवर जयपालराव आहेत, मिटल्या डोळ्यांनी. स्कूटर पुन्हा कट्ट्यापुढं आली.

आदिती दोन दिवस बोलली नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. जयपालरावांनी माफी मागायचा तीनदा प्रयत्न केला, पण दरवेळी पंखा चालू होता.

सोमवारी मीटर कारखान्यात परत द्यायचं होतं. सकाळी निघताना आदितीनं डबी त्यांच्या हातात दिली आणि सोबत वहीही दिली. गेटपासला नोंदी जोडायच्या असतील तर असू दे, एवढंच म्हणाली. नोंदी जोडायच्या नव्हत्या. बसमध्ये खिडकीपाशी बसून त्यांनी शेवटचं पान काढलं.

'निरीक्षणातील त्रुटी,' असं तिनं लिहिलं होतं. 'एक, वाऱ्याचा झोत. दोन, उतरलेली बॅटरी. तीन, पप्पा.'

जयपालरावांनी ते वाचलं. खोटं काहीच नव्हतं. ते वही मिटणार होते, तेवढ्यात खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ दिसली. परीक्षक बाईंसमोर मीटर तिच्या हातात चालूच होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

'पप्पा (खरं बोलताना), दोन मीटरवरून: चौऱ्याहत्तर.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. तांबड्या रेघेच्या एकोणीस वर. पंख्याच्या तर कितीतरी वर. कुकरच्या खाली, पण कुकरला गाठायला फार उरलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. बस गोकुळ शिरगाव ओलांडून पुढं निघाली होती, इंजिन घरघरत होतं, मागच्या बाकावर मोबाइलवर गाणं चालू होतं. शेजारच्या माणसानं त्यांना विचारलं की सकाळी सकाळी एवढं काय वाचताय.

"पोरीची वही हाय," जयपालराव म्हणाले.

शेजाऱ्यानं 'आँ?' केलं नाही.